सात वेळा धुतलेले शर्ट

१२ जानेवारी

खोकूबाईस,

पार्सल मिळालं. मी पाठवलेलं दुपटं मलाच परत, तेही दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, वर चिकटपट्टीचे चार वेढे. मेलेला उंदीर फेकतानाही कोणी एवढी काळजी घेत नाही. पोस्टमनने विचारलं, "आत काच आहे का हो?" मी म्हटलं, हो, काचच आहे.

आत तुझी चिठ्ठी. चार ओळी. बाळाला श्वासाचा त्रास झाला, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं घरात सिगारेट कोण ओढतं, तर कोणीच नाही. मग दुपटं हुंगलं. सध्या तू येऊ नकोस. बस. बाळ आता कसं आहे, हे लिहायला पाचवी ओळ सुचली नाही तुला. फोन तर उचलतच नाहीस, म्हणून पत्र लिहायची वेळ आली.

ते दुपटं तुझ्या बाबांच्या नऊ शर्टांचं आहे. चार पांढरे, दोन आकाशी, दोन राखी रेघांचे आणि एक फिका पिवळा, तुझ्या लग्नात घातलेला. चाळीस वर्षं मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसते. दिवसाला तीस-तीस पँटी आखूड केल्यात, लोकांच्या सुटलेल्या पोटांसाठी कोट सैल केलेत, पण इतकं निगुतीने कधी काही शिवलं नव्हतं. सात आठवडे आधी आलेलं पावणेदोन किलोचं पोर. नवं कापड त्याला टोचेल म्हणून मुद्दाम वापरून मऊ झालेलं घेतलं. एकही शिवण अंगाला लागू नये म्हणून सगळ्या कडा आत दुमडल्या. पंधरा दिवसांत पुरं केलं.

आणि धुतलं होतं. तू विचारलंसुद्धा नाहीस, तरी सांगते. शर्ट कापायच्या आधी सात वेळा धुतले. गरम पाणी, साबण, कडक ऊन. सात वेळा! तुझे बाबा जाऊन आठ महिने झाले. माणूस राहिला नाही आणि म्हणे त्याचा धूर राहिला.

कुठल्या शहाण्या डॉक्टरने हे तुझ्या डोक्यात भरवलं? की जावईबापूंनी? त्यांना पहिल्यापासून आमच्या घरात नाकाला रुमाल लागायचा. पण तूही? बाबा गेले तेव्हा दोन दिवसांसाठी आलीस, आणि दोन्ही दिवस बाहेर जिन्यात बसून राहिलीस. येणारे-जाणारे म्हणत होते, लेकीला फार लागलंय. मी मान डोलावत होते.

मी दुकानातून महिन्याची रजा काढली होती. बॅग भरलेली आहे. नातवाचा मी अजून फक्त फोटो पाहिलाय, तोही नळ्यांनी झाकलेला. मला त्याला मांडीवर घ्यायचंय. एवढंच हवंय मला, दुसरं काही नाही. दुपटं नको असेल तर नको, पण मी काय बिघडवलंय?

तुझी आई

२८ जानेवारी

मोठ्या बाईंस,

खोकूबाई म्हटलेलं तुला आवडत नाही, हे मला चौतीस वर्षांनी कळलं. 'परत कधी त्या नावाने हाक मारू नकोस.' बरं बाई. बाबांनी लाडाने ठेवलेलं नाव होतं. ते कामाला बसले की तुझा खोकला सुरू व्हायचा. मग ते डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून म्हणायचे, "आल्या का खोकूबाई?" आम्ही हसायचो. तूही हसायचीस. हसता हसता आणखी खोकायचीस.

तू पाठवलेला दवाखान्याचा छापील कागद वाचला. खाली लाल रेघा मारल्यास, म्हणजे आईला वाचता येत नाही असं समजून. धूर विरतो पण त्यातलं विष कापडावर, गादीवर, भिंतीवर चिकटून राहतं. महिनोन्महिने राहतं. खोली नुसती उघडी टाकून जात नाही. तान्ही बाळं कापड तोंडात घालतात, त्याला नाक घासतात, म्हणून त्यांना जास्त धोका. ठीक. पण शेवटची ओळ तू रेघेशिवाय सोडलीस, ती मी वाचली. 'नेमकं किती नुकसान होतं, यावर अजून अभ्यास चालू आहे.' म्हणजे त्यांनाच नक्की माहीत नाही! आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्या सांगण्यावरून तू आईला उंबऱ्याबाहेर ठेवलंस.

तू लिहितेस, घरात निदान खिडकी तरी उघडी ठेवायची. घड्याळजीच्या घरात खिडकी? घड्याळाचा स्क्रू केवढा असतो ते तुला सांगायला नको. वाऱ्याची एक झुळूक आली की गेला. एका स्क्रूसाठी तुझे बाबा अर्धा दिवस जमिनीवर रांगायचे, आणि तुला मला जागचं हलू द्यायचे नाहीत, पायाला चिकटून जाईल म्हणून. ती खिडकी बंद होती म्हणून घर चाललं. त्याच बंद खिडकीच्या जोरावर तू शिकलीस आणि आता मला कागद पाठवतेस.

आणि गणवेशाची गोष्ट तू अजून मनात धरून बसली असशील, हे मला ठाऊक नव्हतं. मला तर ती अशी आठवते: तू सातवीत होतीस. शाळेत कोणीतरी पोरगी तुझ्याशेजारी बसेना, तुला वास येतो म्हणून. तर तू काय केलंस, गणवेश वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कपाटात ठेवायला लागलीस. सकाळी घरच्या कपड्यांत वर जायचीस आणि तिथून तयार होऊन शाळेत. महिनाभर मला पत्ता नाही! एक दिवस त्या काकूच बोलून गेल्या. माझी मान खाली गेली. मी वर जाऊन गणवेश घेऊन आले आणि तुला एक ठेवून दिली. आपल्या घरात कपाट नाही का, म्हटलं. कोणत्या आईने वेगळं केलं असतं ते सांग.

तुझ्या बाबांनी तुला काय कमी केलं? तुझ्या दहाव्या वाढदिवसाला जुन्या सुट्या भागांतून मनगटी घड्याळ बनवून दिलं होतं. ते तू कुठे ठेवलंस, ते मी विचारत नाही.

त्या काकूंना अजून दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायची सवय आहे. परवा जिन्यात अडवून म्हणाल्या, "पाहुणे आलेत का गं तुझ्याकडे? संध्याकाळी सिगारेटचा वास येतो." मी म्हटलं, तुम्हाला भास होतात, आणि दार लावून घेतलं.

बाळाचं वजन किती झालं ते तरी कळव.

आई

१६ फेब्रुवारी

तुझी एका ओळीची चिठ्ठी आली. 'आई, बाळाला पुन्हा दाखल केलंय, डॉक्टर विचारतायत, खरं सांग, किती वेळा धुतले होतेस?'

एकदाही नाही.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. पाकीट चिकटवून पाठवून द्यावं असं वाटलं. पण तू कोर्टातल्यासारखा एकच प्रश्न विचारलास, आणि मला उत्तर दिल्यावर गप्प बसता येत नाही, हा माझा जुना रोग आहे.

शर्ट धुतले नाहीत कारण धुतले असते तर वास गेला असता. बाबा गेले त्या दिवशीच त्यांचे शर्ट मी कपाटातून काढून उशीच्या अभ्र्यात भरले आणि अभ्र्याचं तोंड शिवून टाकलं. रोज त्यावर डोकं ठेवायची. तुला हसू येईल. येऊ दे हसू, तुला हक्क आहे. बाळ झालं तेव्हा वाटलं, त्याला आजोबा दिसणार नाहीत, निदान अंगावर तरी येतील. म्हणून टाके उसवले आणि शर्ट कापले. सात वेळा धुतले हा आकडा मी तुला पत्र लिहिताना बसल्या जागी काढला.

अजून आहे. तू विचारलं नाहीस, पण उद्या काकूंकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. बाबांची सिगारेटची पाकिटं उरली होती. मी दुकानातून साडेपाचला येते. आल्यावर एक सिगारेट पेटवते आणि त्यांच्या टेबलावरच्या रक्षापात्रात ठेवते. ओढत नाही. ओठाला लावलेली नाही कधी, तुझी शपथ घेतली असती पण आता माझ्या शपथेला कोण विचारतो. नुसती जळू देते. ती जळते तेवढा वेळ घरात कोणी असल्यासारखं वाटतं. पाकिटं संपल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, तर त्याने काही न विचारता त्यांचीच पाकिटं पुढे केली. मग तीही संपली, आणखी आणली. तुझ्या बाळाचं दुपटं मी त्याच टेबलाशी बसून शिवलंय. एकेक टाका धुरात घातलाय.

आता तू म्हणशील, बिचारी, तिला काय कळतंय. तर तेही सांगून टाकते. मला कळत होतं.

आमच्या दुकानात दोन दांड्या आहेत. दुरुस्तीला आलेला कपडा हातात घेतला की आधी नाकाला लावायचा, हा आमचा नियम. धुराचा वास आला की त्याला निळी चिठ्ठी टाचायची आणि मागच्या दांडीवर एकटा टांगायचा, कारण दुसऱ्या कपड्यांशेजारी टांगला तर दोन दिवसांत सगळ्यांना वास धरतो. आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, आधी धुऊन आणा. हा नियम मालकाने नाही, मीच घातलाय. बावीस वर्षांपूर्वी एका बाईच्या मुलीचा झगा खराब झाला होता म्हणून. एका अनोळखी बाईच्या झग्यासाठी मी नियम केला, आणि आपल्या नातवाच्या अंगावर मागच्या दांडीवरचा कपडा घातला.

डॉक्टरांना हे सगळं सांग. ते म्हणतील, त्रास दुपट्यामुळेच झाला असं छातीठोक सांगता येत नाही, लवकर आलेल्या बाळांची फुप्फुसं मुळात कच्चीच असतात. तू लिहिलं नाहीस तरी ते असंच म्हणाले असणार, मला त्या कागदावरून कळतं. ती माझी पळवाट आहे हेही कळतं. पण पळून जाऊ कुठे, सांग.

तू मागे एकदा फोनवर ओरडली होतीस, तुला बाबा हवेत का मी. तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं. तुला वाटलं असेल आईला बोलवेना. तसं नव्हतं. मला उत्तर येत होतं आणि ते तुला सांगण्यासारखं नव्हतं.

बाळ बरं आहे का, एवढं कळव. नाहीतर मावशीला कळव, ती मला सांगेल.

९ मार्च

मुली,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. मावशीकडून कळलं की बाळ घरी आलंय आणि तीन किलोच्या वर गेलंय. तुझ्या मावशीला गुपित ठेवता येत नाही याबद्दल मी आयुष्यभर तिला नावं ठेवली, आता तिच्याच जिवावर जगतेय.

दुपटं धुतलं. खरंच धुतलं, आणि यावेळी आकडा मोजून लिहिते: अकरा वेळा. पहिलं पाणी चहासारखं निघालं. मला वाटलं राखी शर्टांचा रंग जातोय, म्हणून पांढऱ्याची एक कड वेगळी भिजवून बघितली. तेही पाणी पिवळं. नऊ शर्टांत एवढं बसलं होतं. मग भिंतीत किती असेल, आणि गादीत, आणि तुझ्या त्या लाकडी पलंगात, ज्याच्या उशाशी बाबांचं टेबल होतं, त्याचा हिशोब मी करायला घेतला आणि सोडून दिला.

वाळल्यावर दुपट्याला नुसता साबणाचा वास येतो. मी त्यात नाक खुपसून बसले, पण काही नाही. भांडण उकरून काढायचं तर म्हणता येईल की तुझ्यामुळे मी त्यांना दुसऱ्यांदा घालवलं. मनात आलं होतं, म्हणून लिहिलं. लपवायची सवय मोडतेय.

पण एक शर्ट धुतलेला नाही. दहावा होता. पांढरा, खिशावर शाईचा डाग. तो मी दुपट्यात घेतला नव्हता. आता एका पत्र्याच्या डब्यात घातलाय, घट्ट झाकणाचा, वर चिकटपट्टी लावून, तू लावली होतीस तशीच. तुला आत्ताच सांगून ठेवते म्हणजे पुढे कधी सापडला तर परत म्हणायला नको, आई खोटारडी आहे.

सिगारेट बंद केली. रक्षापात्र फेकलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने परवा हाक मारली, मी ऐकू न आल्यासारखं केलं.

उद्या मावशीकडे जातेय. डोळ्याचं ऑपरेशन आहे, मोतीबिंदू, काळजीचं काही नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवस शिवण करायचं नाही, झुकायचं नाही, रडायचं नाही असं सांगितलंय. शेवटचं ऐकून मावशी इतकी हसली की डॉक्टरही हसले.

आई

३० मार्च

माझ्या लेकीस,

काल घरी आले. डोळा ठीक आहे. मावशीकडे एकोणीस दिवस राहिले. तिच्या घरात कोणी ओढत नाही, कधी ओढलेली नाही, आणि तिच्याकडे दिवसभर सगळ्या खिडक्या सताड उघड्या असतात. पहिले चार दिवस मी कुरकुर केली की वारा लागतो. मग लागेनासा झाला.

काल जिना चढून आले, कुलूप काढलं, दार ढकललं आणि मला वास आला.

पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. दारातच थांबले. बॅग खाली ठेवली आणि तुझ्यासारखीच जिन्यात जाऊन बसले. सिगारेट पेटवून सहा आठवडे झाले, बाबा जाऊन वर्ष होत आलं, रक्षापात्र नाही, दुपटं धुतलेलं, तरी तो वास दारातून माझ्या अंगावर आला. कुजका, कडू, घशात बसणारा. मी विचार केला, हा आपल्या घराचा वास नाही, कोणीतरी आत येऊन गेलंय. मग कळलं, हाच आहे. हाच होता. तू याच्यात झोपायचीस. याच्यात गृहपाठ करायचीस. आणि सकाळी वरच्या मजल्यावर जाऊन स्वच्छ गणवेश घालायचीस, आणि मी तुला त्यासाठी मारलं.

वरच्या काकू जिना उतरत होत्या. मला तिथे बसलेलं पाहून थांबल्या. मग मीच विचारलं, "तुम्ही आमच्या पोरीला काय सांगायचात हो तेव्हा?" म्हणाल्या, "काही नाही. ती यायची, खिडकीत उभी राहून कपडे बदलायची आणि दहा मिनिटं नुसती श्वास घ्यायची. मग जायची." एवढं सांगून त्या गेल्या.

मी आत आले. आधी डबा काढला. मला राग आला होता, कोणाचा ते कळत नव्हतं, आणि राग आला की मला तुझ्या बाबांशी भांडायची सवय. चिकटपट्टी ओढली, झाकण काढलं, शर्ट तोंडावर धरला. वाटलं, सगळं घर घाण वासाचं झालं तरी चालेल, यात ते असतील. त्यांच्या तेलाचा वास, घामाचा, मानेचा. वर्षभर मी रोज तोच घेत होते ना.

नव्हते. त्यात ते नव्हतेच. नुसता धूर होता. कोणाचाही असता तो, कुठल्याही दुकानात मी त्याला निळी चिठ्ठी टाचली असती. मी धुराला माणूस समजून जपत बसले, आणि त्याच्यापायी जिवंत होती ती माणसं घालवली. आधी तू. मग तुझं बाळ.

डॉक्टरांनी रडायचं नाही सांगितलं होतं. काय करू?

शर्ट भिजत घातलाय. वाळला की फडकी करीन. दुपटं तुला पाठवणार नाही, घाबरू नकोस. एवढं धुऊनही मला त्याचा भरवसा नाही. परवापासून दोन माणसं भिंती खरवडायला येणार आहेत. गादी काढून टाकली, तुझा पलंगही. मी जमिनीवर झोपते. मला मांडीवर बाळ दे असं मी आता लिहिणार नाही. ज्या दिवशी तुला वाटेल त्या दिवशी सांग. तुझ्याकडचे कपडे दारात ठेव, मी दारात बदलीन. नाही वाटलं तरी मी समजेन. बाळाला माझा वास ठाऊक नाही, हे आज मला बरं वाटतंय.

एक काम मात्र आज सकाळीच केलं. ती खिडकी. इतकी वर्षं बंद होती की रंगाने चौकटीला चिकटली होती. बाबांची लहान हातोडी घेऊन कडेकडेने ठोकत बसले. खालून रस्त्यावरची माणसं वर बघत होती. तास गेला. मग एकदम उघडली, आणि इतका वारा आत आला की टेबलावरची स्क्रूची डबी उलटली. सगळे स्क्रू खोलीभर सांडले. मी सवयीने खाली वाकले, मग उभी राहिले.

राहू दे, म्हटलं. खिडकी उघडली तर बिघडणार होतं ते एवढंच. तू दोन वर्षांची होतीस तेव्हा पहिल्यांदा रात्रभर खोकलीस, त्या दिवशी मला ही खिडकी उघडायची होती, एवढंच करायचं होतं.

तुझी आई